दुधाचे दात आणि आईची नजर



बाळाला पहिला दात आला की घरातलं कोणीतरी लगेच विचारतं, 'वरचा की खालचा?' वरचा दात आधी आला तर तो मामाला जड जातो, अशी आपल्याकडे समजूत. त्यामुळे सहा-सात महिन्यांच्या बाळाचं तोंड आजी, मावशी, आत्या, शेजारीण अशा सगळ्याजणी उघडून पाहतात. बहुतेक वेळा खालचेच दोन दात आधी आलेले असतात. मामा सुटतो, सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. त्यानंतरच्या दोन-अडीच वर्षांत मात्र त्या इवल्याशा तोंडात एकामागून एक वीस दात येतात आणि त्यांच्याकडे कोणी वाकून पाहत नाही. पाहणं होतं ते एकदम मूल रात्री गाल धरून रडायला लागल्यावर.

मी लहान मुलांच्या दातांची डॉक्टर आहे. आज मला बोलायचं आहे ते मुलांच्या दातांबद्दल आणि त्याहून जास्त त्यांच्या आयांबद्दल. तीन वर्षांच्या मुलाचे दात कसे आहेत हे पाहिलं, की त्याच्या घरात दिवसभर काय चालतं याचा बराचसा अंदाज येतो. आणि त्या वयात घर म्हणजे आपल्याकडे अजूनही मुख्यतः आईच. तिला काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही, आणि ठाऊक असून काय करता येत नाही, या तिन्ही गोष्टी मुलाच्या तोंडात उमटतात.

माझ्याकडे येणाऱ्या आयांच्या तोंडून मी सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे, 'दुधाचेच आहेत ना डॉक्टर, पडणारच आहेत.' मला विचाराल तर दातांच्या बाबतीत मराठीतलं हे सगळ्यांत महागडं वाक्य आहे. दुधाचे दात पडतात हे खरं, पण ते सगळे एकदम सहाव्या वर्षी पडत नाहीत. पुढचे दात सहा-सात वर्षांचं झाल्यावर पडू लागतात. मागच्या दुधाच्या दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहायच्या असतात. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाची दाढ किडली, तर ती आपोआप पडायला अजून सात-आठ वर्षं आहेत. सात-आठ वर्षं दुखरी दाढ घेऊन जेवायचं, झोपायचं, शाळेत जायचं?

शिवाय दुधाच्या दाताचं वरचं कठीण आवरण, ज्याला आपण एनॅमल म्हणतो, ते मोठ्या दातापेक्षा पातळ असतं आणि आतली नस त्या मानाने मोठी असते. म्हणून दुधाच्या दातातली कीड मोठ्या माणसाच्या दातापेक्षा लवकर नसेपर्यंत पोचते. दिवाळीत बारीकसा डाग दिसला होता, होळीला गाल सुजला, असं आया सांगतात, त्यात अतिशयोक्ती नसते. दाढ दुखते म्हणून मूल एकाच बाजूने चावतं, चावायला लागेल असं काही खातच नाही, भाकरी नको म्हणतं, मऊ-गोड तेवढं मागतं. आई म्हणते, पोरगं खाण्याचे नखरे करतं. ते नखरे नसतात, ते दुखणं असतं. अडीच वर्षांच्या मुलाला 'माझी दाढ ठणकते' असं सांगता येत नाही. ते रात्री उठून रडतं, चिडचिड करतं, वजन वाढत नाही. आणि दाढ वेळेआधी काढावी लागली तर तिच्या जागेवर शेजारचे दात सरकतात आणि खालून येणारा कायमचा दात वाकडातिकडा येतो.

हा प्रश्न थोड्या मुलांचा आहे असंही नाही. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ साली देशभर केलेल्या पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ ५२ टक्के मुलांच्या दातांना कीड आढळली होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालात दुधाचे दात किडलेल्या जगातल्या मुलांचा अंदाज ५१ कोटींच्या वर दिला आहे. एखाद्या तापाची एवढी मुलं असती, तर आपण केवढी धावपळ केली असती!

आता ही कीड लागते कशी ते पाहू. 'कीड' या शब्दाने आपला थोडा घोटाळा केला आहे. पूर्वी दातात खरोखरची अळी असते असं समजत. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन कीड पाडणारी माणसं गावोगाव फिरत आणि पडलेली 'कीड' काढूनही दाखवत. तसा कुठलाही किडा दातात नसतो. तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, ते दातावर चिकट थर करून राहतात. आपण साखर खाल्ली की ती त्यांनाही मिळते, तिचं ते आम्ल करतात आणि त्या आम्लात दाताचं एनॅमल विरघळू लागतं. लाळ हे आम्ल हळूहळू धुऊन काढते आणि विरघळलेले क्षार पुन्हा दातात भरते. १९४०च्या दशकात रॉबर्ट स्टीफन या अमेरिकी संशोधकाने हे मोजून दाखवलं. गोड खाल्ल्यावर काही मिनिटांत दातावरची आम्लता वाढते आणि ती पूर्ववत व्हायला अर्धा तास ते एक तास लागतो.

हा अर्धा-एक तास आयांनी नीट लक्षात घ्यावा. यावरून कळतं की मुलाने किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याला महत्त्व जास्त. जेवणाबरोबर श्रीखंड-पुरी खाल्ली, तर दातावर आम्लाचा हल्ला एकदा झाला. पण तोच मुलगा सकाळी चहात बुडवून बिस्कीट, दहा वाजता आणखी एक, दुपारी आजोबांच्या खिशातली गोळी, चार वाजता रंगीत सरबत, संध्याकाळी पुन्हा बिस्कीट असं खात राहिला, तर लाळेला दात दुरुस्त करायला उसंतच मिळत नाही. 'आमचा बाळ्या गोड खातच नाही, फक्त बिस्किटं खातो', असं सांगणाऱ्या आया मला नेहमी भेटतात. बिस्कीट हे पीठ आणि साखर, आणि ते दाढेच्या खाचेत चिकटून बसतं. चहात तर साखर असतेच.

स्वीडनमध्ये लुंड गावाजवळ विपेहोम नावाचं एक रुग्णालय होतं. तिथे १९४५ पासून काही वर्षं साखर आणि दात यांच्यावर प्रयोग झाले. तिथल्या मतिमंद रुग्णांना जेवणात आणि जेवणाव्यतिरिक्त वेगवेगळ्या प्रकारे साखर दिली गेली. जेवणाबरोबरच्या साखरेने दात फारसे जास्त किडले नाहीत. दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी मिळालेल्यांचे मात्र भराभर किडले. त्या बिचाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं, आज असा प्रयोग कोणी करू धजणार नाही, आणि करूही नये. पण त्यातून निघालेली गोष्ट स्वीडनच्या घराघरांत पोचली. मुलांना गोळ्या-चॉकलेटं द्यायची ती शनिवारी, एकदाच, अशी तिथे पद्धत पडली. आपल्याकडे संक्रांतीला बोरन्हाण असतं. पूर्वी त्यात बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा असे. आता चॉकलेटांचा पाऊस पडतो. पडू दे, वर्षातून एक दिवस! माझी तक्रार बोरन्हाणाबद्दल नाही. ती गोळा केलेली चॉकलेटं पुढे पंधरा दिवस रोज थोडी थोडी हातावर ठेवली जातात, त्याबद्दल आहे.

साखर जिथे दिसत नाही तिथेही असते. रडणाऱ्या बाळाच्या तोंडात मधाचं बोट देतात, चोखणी मधात बुडवून देतात. एक वर्षाच्या आत मध तर द्यायचाच नाही, तो दातांसाठी नव्हे, त्यातून होणाऱ्या एका गंभीर विषबाधेच्या धोक्यामुळे. खोकल्याची, तापाची मुलांची औषधं गोड पाकात असतात आणि शेवटचा डोस नेमका झोपताना दिला जातो. औषध द्यावंच, पण वर दोन चमचे पाणी पाजावं आणि दात पुसून घ्यावेत. एवढं कोणी सांगत नाही, म्हणून कोणी करत नाही.

आता रात्रीबद्दल. झोपेत लाळ जवळजवळ सुटत नाही. म्हणजे रात्री दातांचा राखणदारच जागेवर नसतो. अशा वेळी साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून मूल झोपलं, तर ते दूध वरच्या पुढच्या दातांभोवती रात्रभर साठून राहतं. खालच्या दातांवर जीभ येते, त्यामुळे ते वाचतात. म्हणून वरचे चार दात तपकिरी होऊन झिजलेले आणि खालचे पांढरेशुभ्र असं तोंड दिसलं, की रात्रीच्या बाटलीबद्दल मला वेगळं विचारावं लागत नाही. बाटली द्यायचीच असेल तर झोपताना तिच्यात साधं पाणी द्यावं. एक वर्षानंतर तर बाटली सोडून कप-वाटीच बरी.

अंगावरच्या दुधाबद्दल मात्र मी जपून बोलणार आहे, कारण अर्धवट ऐकून कोणी बाळाचं दूध तोडायला नको. पहिलं वर्षभर अंगावर पाजल्याने दात किडत नाहीत. दोन वर्षं आणि त्यापुढेही अंगावर पाजावं असंच जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते दातांच्या डॉक्टरांनी खोडून काढायचं कारण नाही. परंतु वर्षानंतर, दात आलेले असताना, मूल रात्रभर तोंडात धरूनच झोपत असेल आणि दात कधीच स्वच्छ होत नसतील, तर धोका वाढतो, हे ब्राझीलसारख्या देशांतल्या अभ्यासांतूनही दिसलं आहे. मग आईने काय करायचं? पाजून झालं की तोंडातून काढून घ्यायचं, झोपण्यापूर्वी दात घासून घ्यायचे आणि दिवसाची साखर कमी करायची. दूध चालू ठेवायचं.

आता मी अशी एक गोष्ट सांगते जी फार थोड्या आयांना ठाऊक असते आणि जिला पैसा लागत नाही. बाळाला उजेडाकडे तोंड करून मांडीवर घ्या आणि बोटाने त्याचा वरचा ओठ उचला. हिरडीला लागून दातावर खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसते का? ती रेघ म्हणजे कीड सुरू झाल्याची पहिली खूण. अजून खड्डा पडलेला नाही, दुखत नाही, मूल हसतं-खेळतं आहे. या टप्प्यावर साखरेच्या वेळा कमी केल्या, दात नियमित घासले आणि डॉक्टरांकडून फ्लोराईडचा लेप लावून घेतला, तर ती रेघ तिथेच थांबते, पुष्कळदा भरूनही येते. पुढे ती पिवळी, मग तपकिरी होते, मग खड्डा पडतो. लोक दाखवायला आणतात ते तेव्हा. पांढरी रेघ आणि ठणकणारी दाढ यांच्यामध्ये कित्येकदा सहा-आठ महिने असतात, आणि ते सगळे हातातून निघून गेलेले असतात. महिन्यातून एकदा ओठ उचलून पाहायचा, इतकंच. नखं कापतो त्या दिवशी पाहावा, म्हणजे लक्षात राहतं.

घासण्याची पद्धतही सांगायला हवी. पहिला दात दिसला त्या दिवसापासून घासायचं, दिवसातून दोनदा. त्यातली रात्रीची वेळ चुकवायची नाही. मऊ, लहान ब्रश घ्यायचा. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, त्यानंतर सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर पेस्टचा नागमोडी पट्टा दाखवतात, तो विसरून जायचा. पेस्ट फ्लोराईडची असावी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड जास्त असतं. तिथल्या आयांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं. मीठ, राखुंडी, कोळसा बाळाच्या दातांना लावू नये, एनॅमल खरवडलं जातं.

'डॉक्टर, तो तोंडच उघडत नाही' ही तक्रार खरी असते. त्यावर आपल्या घरातलीच जुनी युक्ती सांगते. आपल्या आज्या पाय पसरून बसत, बाळाला पायांवर आडवं घेत आणि न्हाऊ-माखू घालत. बाळ रडे, पण धरलेलं पक्कं असे आणि त्याचं तोंड आजीला स्वच्छ दिसे. दात घासायला हीच बैठक उत्तम. मुलाचं डोकं आपल्या मांडीत, तोंड आपल्याकडे, एका हाताने ओठ बाजूला. आरशासमोर उभं करून समोरून घासायला गेलं तर मागच्या दाढांपर्यंत हात पोचतच नाही. आणि चार वर्षांच्या मुलाने स्वतः ब्रश हलवला म्हणजे दात घासले असं धरू नका. त्याला हौसेने हलवू द्या, मग आपण घासा. स्वतःच्या बुटाची नाडी नीट बांधता येईपर्यंत, म्हणजे साधारण सात-आठ वर्षांपर्यंत, मुलाचे दात मोठ्यांनीच घासायचे.

मुलाच्या दातांची सुरुवात खरं तर आईच्या तोंडापासून होते. कीड करणारे जंतू बाळ जन्मताना घेऊन येत नाही. दात आल्यावर ते घरातल्यांकडून, बहुधा आईकडून येतात. फिनलंडमध्ये यिलिविएस्का या गावी असे जंतू जास्त असलेल्या आयांवर एक अभ्यास झाला. काही आयांना बाळ तीन महिन्यांचं असल्यापासून ते दोन वर्षांचं होईपर्यंत झायलिटॉल नावाच्या, जंतूंना उपयोगी न पडणाऱ्या गोडीचं च्युइंगम रोज चघळायला दिलं. च्युइंगम फक्त आईने चघळायचं, बाळाला काही द्यायचं नाही. २००० साली त्याचे निष्कर्ष आले. दोन वर्षांच्या वयात त्या आयांच्या मुलांपैकी साधारण दहातल्या एकाच्या तोंडात हे जंतू रुजलेले होते. ज्या आयांना नुसता फ्लोराईडचा लेप लावला होता, त्यांच्या मुलांमध्ये हे प्रमाण जवळजवळ निम्मं होतं. ही मुलं पाच वर्षांची झाली, तेव्हा च्युइंगम चघळणाऱ्या आयांच्या मुलांमध्ये कीडही पुष्कळच कमी होती.

यावरून कोणी बाळाला एका ताटात भरवणं सोडू नये, त्याने काही साधत नाही. पण आईच्या स्वतःच्या किडलेल्या दाढा बाळाच्या जन्माआधी दुरुस्त व्हाव्यात, हे मात्र साधतं. इथे आपल्याकडच्या समजुती आडव्या येतात. 'पोटुशी बाईने दातांना हात लावू देऊ नये', 'बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं, दात जायचेच'. दोन्ही खरं नाही. दातांचा उपचार गरोदरपणात करता येतो. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा. आईचे दात किडतात ते उलट्यांतलं आम्ल, वारंवार खाणं आणि मळमळीमुळे ब्रश टाळणं यामुळे. आणि मशेरीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. मशेरी म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू. तिने दात स्वच्छ होत नाहीत, तिची सवय जडते. गरोदरपणात ती लावणाऱ्या बाईचं बाळ कमी वजनाचं जन्मण्याचा धोका असतो आणि घरात पाहून पाहून पोरीही ती लावायला शिकतात.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, म्हणजे आयांना शिकवलं की प्रश्न सुटला. मलाही हे इतकं सोपं असायला आवडलं असतं. पण चॉकलेट वाईट, रात्री दात घासावेत, हे आज कोणतीही आई मला न विचारता सांगते. तरीही तिच्या मुलाची दाढ किडलेली असते.

या बाबतीतला एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो, आणि तो आपल्याकडूनच परदेशी गेलेल्या बायकांचा आहे. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सरे नावाचं शहर आहे, तिथे पंजाबी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या लहान मुलांमध्ये किडलेल्या दातांचं प्रमाण जास्त होतं. तिथल्या संशोधकांनी सहा ते अठरा महिन्यांच्या २४० बाळांच्या आयांचे दोन गट केले. एका गटाला माहितीपत्रक दिलं आणि चित्रफीत दाखवली. दुसऱ्या गटालाही तेच दिलं, पण त्याबरोबर एकदा निवांत बसून प्रत्येकीशी गप्पा मारल्या आणि वर्षभरात सहा वेळा फोन केला. या गप्पांत भाषण नव्हतं. तुझ्या बाळाचे दात कसे असावेत असं तुला वाटतं, या यादीतलं काय तुझ्या घरात जमेल, अडचण कुठे येते, असं विचारायचं. काय करायचं ते आईनेच निवडायचं. वर्षानंतर मुलं तपासली. दाताच्या प्रत्येक बाजूचा पृष्ठभाग वेगळा धरून कीड मोजतात. नुसतं पत्रक-चित्रफीत मिळालेल्या गटात दर मुलामागे असे नव्याने किडलेले पृष्ठभाग सरासरी १.९१ होते, गप्पांच्या गटात ०.७१. हे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. माहिती दोघींना सारखीच मिळाली होती. फरक पडला तो आपल्या घरात ती कशी बसवायची हे एकीला कोणीतरी विचारलं म्हणून.

आणि आपल्या घरात ती बसवणं सोपं नसतं. 'मी बिस्किटं बंद केली, तर सासूबाई म्हणतात, पोराला उपाशी मारतेस काय.' 'मी दिवसभर शेतात असते, आजी त्याला गप्प करायला गोळी देते.' 'हे रात्री घरी येताना चॉकलेट आणतातच, तेवढाच तर मुलगा त्यांना भेटतो.' 'रात्री रडला तर खोलीतल्या सगळ्यांची झोपमोड होते, मग बाटली देते.' यातल्या एकाही आईला ज्ञान कमी नाही. अशा आईला दवाखान्यात मुलासमोर 'तुमचंच दुर्लक्ष' म्हणून झापणारे डॉक्टरही आहेत. ती पुढच्या वेळी येत नाही, एवढाच त्याचा परिणाम होतो. मी आता आईबरोबर आजीला आणि शक्य तर वडिलांना बोलावते. वडिलांना सांगते, चॉकलेट आणू नका असं मी म्हणत नाही, रविवारी जेवणानंतर द्या, आणि रोज रात्रीचा ब्रश तुम्ही करा, म्हणजे भेट व्हायचं निमित्तही राहील. आजीला ओठ उचलून पांढरी रेघ दाखवते. एकदा दिसली की आज्या नातवाच्या दातांचा जो पहारा ठेवतात, तो कोणत्याही पत्रकाने ठेवला जाणार नाही.

सरकारी यंत्रणेतही यासाठी जागा आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांच्या तपासणीत किडलेले दात धरलेले आहेत. पण माझ्या मते खरी संधी आहे ती लसीकरणाच्या दिवशी. नवव्या महिन्यानंतर गोवर-रुबेलाची पहिली लस असते, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. तेव्हा आई बाळाला घेऊन येतेच. आशाताईने किंवा नर्सबाईंनी त्याच वेळी ओठ उचलून पाहिला आणि आईलाही पाहायला शिकवलं, तर अर्धं मिनिट लागेल. दातांचा डॉक्टर मैलोगणती दूर असलेल्या गावातही हे होण्यासारखं आहे.

आणि खड्डा पडलाच असेल तर? घाबरून घरी बसू नका आणि दुखणं थांबलं म्हणून बरं झालं असंही समजू नका. नस मेली की दुखणं थांबतं, पू मात्र आत होत राहतो. लहान खड्डे भरता येतात. दुधाच्या दाढेच्याही नसेचा उपचार होतो आणि वर टोपी बसवता येते. फार लहान, फार घाबरलेल्या मुलासाठी चांदीयुक्त फ्लोराईडचं एक औषध आहे. ते थेंबभर लावलं की कीड पुष्कळदा थांबते. सुई नाही, मशीन नाही, खर्च थोडा. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याला आवश्यक औषधांच्या यादीत घेतलं. किडलेली जागा त्याने काळी पडते, हे आधी समजून घ्यावं. अनेक दात एकदम किडलेले असतील तर मुलाला पूर्ण भूल देऊन उपचार करावे लागतात. त्याचा खर्च आणि घरच्यांच्या जिवाची घालमेल मी नेहमी पाहते. म्हणून सांगते, पहिली भेट पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास व्हावी, काही दुखत नसताना. तेव्हा डॉक्टर फक्त पाहतात आणि मुलाला दवाखान्याची भीती बसत नाही.

शेवटी पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या आयांसाठी एक सूचना. सहाव्या वर्षाच्या आसपास, शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही मागे एक नवी मोठी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून ती आलेली घरात कोणाला कळत नाही. किडली तरी 'दुधाचीच असेल' म्हणून सोडून देतात. ती कायमची दाढ आहे. तिच्या वरच्या खाचा खोल असतात, त्यात अन्न अडकतं. किडण्याआधी त्या खाचा बुजवून घेता येतात, दुखत नाही, एका बैठकीत होतं. आज रात्री मुलाला आ करायला सांगा आणि दोन्ही बाजूंना, वर आणि खाली, अगदी मागे बॅटरी लावून मोजा. एकेका बाजूला मधल्या रेषेपासून सहावा दात दिसला, तर ती हीच.